डेटोनाचा उतार, डेटोनाची भिंत

कोकणात आमच्या आजोळी मे महिन्यात कौलं चाळायला गडी वर चढले की आम्हा पोरांना अंगणातच थांबायची ताकीद असायची. एकदा मामाचा डोळा चुकवून मी शिडीवरून छपरावर गेलो. चार पावलं टाकली आणि तिथेच खाली बसलो. उभं राहायची हिंमतच होईना. कौलारू छपराचा उतार साधारण तीस अंशांचा असतो.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात डेटोना बीच नावाचं गाव आहे. तिथल्या शर्यतीच्या ट्रॅकची वळणं ३१ अंशांनी कललेली आहेत, म्हणजे आमच्या आजोळच्या छपराइतकीच. त्यावरून चाळीस गाड्या एकमेकींना जवळजवळ चिकटून ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास पळतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते छप्पर आठवून माझे तळपाय शिवशिवले. तेव्हापासून स्टॉक कार शर्यतीचा नाद लागला तो आजवर सुटलेला नाही.

स्टॉक कार म्हणजे दुकानात विकायला उभी असते तशी गाडी. आपले गॅरेजवाले जिला 'कंपनी फिटिंग' म्हणतात, ती. आज या शर्यतीत धावणाऱ्या गाडीचा दुकानातल्या गाडीशी चेहऱ्यापुरताच संबंध उरला आहे. तिला उघडणारी दारं नाहीत, चालक खिडकीतून आत शिरतो. पुढचे दिवेसुद्धा चिकटवलेले स्टिकर असतात. पण सुरुवात खरोखरच कंपनी फिटिंग गाड्यांपासून झाली, आणि त्या गाड्यांना पळायला शिकवलं ते हातभट्टीच्या दारूने.

अमेरिकेच्या आग्नेय भागात अ‍ॅपलाचियन डोंगररांगा आहेत. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात आणि नंतरही, कर चुकवण्यासाठी, तिथल्या डोंगरांत हातभट्ट्या लागत. काचेच्या बरण्यांत भरलेला माल रात्री शहरात पोहोचवायचा तर पोलिसांच्या गाडीपेक्षा आपली गाडी जलद हवी. शिवाय माल भरल्यावर ती मागून खाली बसता कामा नये, नाहीतर बघणाऱ्याला लगेच संशय येणार. म्हणून ही पोरं फोर्डच्या व्ही-८ इंजिनात कारागिरी करायची आणि मागचे कमानपाटे घट्ट करायची. घाटातल्या कच्च्या रस्त्यावर, कधी दिवे मालवून, पुढचं वळण अंदाजाने घ्यायची. मग कुणाची गाडी जास्त जलद, यावरून रविवारी शेतात शर्यती लागू लागल्या.

या विखुरलेल्या शर्यतींना बिल फ्रान्स नावाच्या माणसाने एका नियमाखाली आणलं. डिसेंबर १९४७मध्ये डेटोना बीचच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात बैठक झाली आणि फेब्रुवारी १९४८मध्ये नॅस्कार ही संस्था रीतसर नोंदली गेली. कंपनी फिटिंग गाड्यांची तिची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट इथल्या मातीच्या ट्रॅकवर झाली. ग्लेन डनवे पहिला आला. तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार सापडला, तोच दारूवाल्यांचा. तो बाद झाला आणि जिम रोपरला विजेता ठरवलं गेलं. नियम आणि पळवाट यांची ही शिवाशिवी पहिल्याच दिवशी सुरू झाली.

डेटोनाचा मोठा ट्रॅक उघडला १९५९ साली. एक फेरी अडीच मैलांची, म्हणजे चार किलोमीटरची. पहिल्या पाचशे मैलांच्या शर्यतीचा शेवट इतका अटीतटीचा झाला, की फोटो आणि चित्रफिती तपासून ली पेटीला विजेता जाहीर करायला तीन दिवस लागले. हे पेटी घराणं लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता त्या उताराकडे वळू. वळण घेणाऱ्या गाडीला सतत आतल्या बाजूला खेचणारं बळ लागतं. सपाट रस्त्यावर ते सगळं टायरच्या पकडीतून यावं लागतं. डेटोनाच्या वळणाची त्रिज्या सुमारे ३०५ मीटर आहे. ताशी ३०० किलोमीटर वेगाने ते घ्यायचं तर लागणारं बळ गाडीच्या वजनाच्या २.३ पट भरतं. एवढी पकड या गाड्यांच्या टायरजवळ नसते, गाडी सरळ बाहेर जाईल. पण रस्ता ३१ अंशांनी कलला की तोच वेग गाडीला रस्त्यावर दाबून धरतो. वजनाच्या साधारण दुप्पट दाब पडतो, आणि बाहेर सरकवू पाहणारं बळ वजनाच्या दीडपटीवर येतं. म्हणजे दाबाच्या पाऊणपटीहून किंचित कमी पकड मिळाली तरी भागतं, आणि तेवढी टायर देतो. हाच हिशेब ताशी दीडशेच्या आसपासच्या वेगासाठी केला तर बाजूच्या पकडीची गरज जवळजवळ शून्यावर येते. मला हे गणित फार सुंदर वाटतं.

दुसरी गोष्ट हवेची. महामार्गावर ट्रकच्या मागे सायकल लावणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. (कृपा करून कुणी तसं करू नये.) ट्रक हवा फाडत जातो आणि त्याच्या मागे सायकलला हवेचा अडथळा कमी लागतो. १९६० साली ज्युनियर जॉन्सन डेटोनाला आला तेव्हा त्याची शेव्हरले स्पर्धकांच्या पाँटियाकपेक्षा स्पष्ट हळू होती. सरावात त्याच्या लक्षात आलं, की पाँटियाकच्या शेपटाला चिकटून राहिलं की आपली गाडी तिच्या बरोबरीने पळते. ही युक्ती वापरून त्याने ती शर्यत जिंकली. हा जॉन्सन हातभट्टीवाल्यांच्या घरातला. १९५६मध्ये वडिलांच्या भट्टीवर पकडला जाऊन त्याने अकरा महिने तुरुंगात काढले होते, आणि १९८६मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली.

जॉन्सनच्या युक्तीतली खरी गंमत पुढे आहे. मागे चिकटलेल्या गाडीचा फायदा पुढच्या गाडीलाही होतो. एकट्या गाडीच्या मागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि ती गाडीला मागे ओढत राहते. दुसरी गाडी नाक खुपसून तिथे आली की ही ओढ कमी होते. म्हणून दोन गाड्या मिळून एकट्या गाडीपेक्षा जलद पळतात. ज्याला हरवायचं त्याच्याशीच शेवटच्या फेरीपर्यंत जोडी जमवायची, आणि नेमक्या क्षणी ती तोडायची. डेटोनाची शर्यत बघताना श्वास अडकतो तो या क्षणाच्या वाटेवर.

सगळे ट्रॅक असे नसतात. व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक जेमतेम अर्ध्या मैलाचा, कागदाला लावायच्या क्लिपसारखा. तिथे वेग कमी आणि धक्काबुक्की फार. आपला नारायण कार्तिकेयन २०१०मध्ये तिथेच नॅस्कारच्या ट्रक मालिकेत पहिल्यांदा उतरला आणि तेरावा आला. फॉर्म्युला वनमधून आलेल्या माणसाला या ढकलाढकलीत टिकून राहणं सोपं नव्हतं, म्हणून मला त्या तेराव्या क्रमांकाचं कौतुक वाटतं.

पण वेग वाढत गेला. १९८७मध्ये अलाबामातल्या टॅलाडेगा ट्रॅकवर बिल एलियटने पात्रता फेरीत ताशी ३४२ किलोमीटरचा वेग नोंदवला. त्याच आठवड्याच्या शर्यतीत बॉबी अ‍ॅलिसनच्या गाडीचा टायर फुटला, गाडी हवेत उचलली जाऊन प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली आणि जाळी फाटत गेली. प्रेक्षक जखमी झाले. गाडी पूर्ण आत गेली असती तर काय झालं असतं, हे सगळ्यांना दिसलं. पुढच्या वर्षापासून डेटोना आणि टॅलाडेगाच्या गाड्यांत कार्बोरेटरच्या खाली चार भोकांची एक धातूची चकती बसवायचा नियम झाला. हवा कमी, म्हणून इंधन कमी, म्हणून ताकद कमी. वेग खाली आला.

त्याचबरोबर सगळ्या गाड्या जवळपास सारख्याच वेगाच्या झाल्या. कुणालाच सुटून पुढे जाता येईना. तीस-चाळीस गाड्यांचा थवा फेरीमागून फेरी तीन-तीनच्या रांगांत, हातभर अंतर ठेवून पळू लागला. त्यात एकाची चूक झाली तर मागच्या वीसजणांना थांबायला जागाच नसते. सुरक्षेसाठी बसवलेल्या चकतीने या खेळातलं सर्वांत थरारक दृश्य आणि सर्वांत भीतिदायक अपघात, दोन्ही जन्माला घातले. चकतीची जागा २०१९मध्ये दुसऱ्या बनावटीच्या भागाने घेतली, पण थवा तसाच आहे.

सुरक्षेचा इतिहास लिहिताना माझा हात जड होतो, कारण त्यातली जवळजवळ प्रत्येक सुधारणा कुणाच्या तरी अपघातानंतर आली. १९६४मध्ये शार्लटला फायरबॉल रॉबर्ट्सची गाडी उलटून पेटली. हे टोपणनाव त्याला बेसबॉलच्या जोरकस चेंडूफेकीवरून पडलं होतं, आगीवरून नव्हे. नेड जॅरेट या दुसऱ्या चालकाने त्याला ओढून बाहेर काढलं, पण पाच आठवड्यांनी तो गेला. त्यानंतर पेट्रोलची पत्र्याची टाकी जाऊन रबरी पिशवी आली. पोलादी पेटीत ठेवलेल्या या पिशवीत स्पंज भरलेला असतो. पेटी चेपली तरी पिशवी फाटत नाही, फक्त आकार बदलते, आणि फाटलीच तर स्पंजमुळे पेट्रोल एकदम भसकन बाहेर पडत नाही.

१९७०मध्ये डार्लिंग्टनला ली पेटीचा मुलगा रिचर्ड याची गाडी कोलांट्या खात गेली, तेव्हा त्याचा हात खिडकीबाहेर लोंबकळताना लोकांनी पाहिला. तो वाचला, आणि चालकाच्या खिडकीला जाळी आली. रिचर्डचा नातू अ‍ॅडम मे २००० मध्ये न्यू हॅम्पशरला सरावात भिंतीवर आदळून गेला. एकोणीस वर्षांचा होता. पणजोबा ली त्याच्या सुमारे पाच आठवडे आधी वारले होते. दोन महिन्यांत त्याच वळणावर केनी अर्विन गेला. मग १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट, नॅस्कारच्या मुख्य मालिकेचा सात वेळचा विजेता.

त्या अपघाताचं चित्रण पाहिलं तर तो साधा वाटतो. गाडी कलली, भिंतीवर आदळली, घसरत खाली आली. आग नाही, कोलांटी नाही. कोलांट्या खाणारी गाडी आपली ऊर्जा थोडी थोडी, कित्येक सेकंदांत खर्च करते. काँक्रीटची भिंत सगळा हिशेब क्षणार्धात मागते.

समजा, आदळताना भिंतीच्या दिशेचा वेग ताशी ७० किलोमीटर आहे आणि तो ३० सेंटिमीटरमध्ये शून्यावर आला. शरीरावरचा भार त्याच्या वजनाच्या ६४ पट होतो. तेच थांबणं ६० सेंटिमीटरमध्ये झालं तर ३२ पट. फूटभर जास्त अंतराने भार निम्म्यावर आणला. पट्टे धडाला आसनाशी बांधून ठेवतात, पण डोकं मोकळं असतं. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा किलो धरले आणि भार पन्नासपट झाला, तर मानेवर तीन क्विंटल ओढ येते. शेतमालाची पाच-सहा पोती एकदम मानेला लटकावल्यासारखी. कवटीचा तळ तिथे मोडतो. अर्नहार्टच्या आणि अ‍ॅडम पेटीच्या मृत्यूचं हेच कारण होतं.

यावरचा उपाय अर्नहार्टच्या अपघाताच्या कितीतरी वर्षं आधीच शोधला गेला होता, याची मला अजून हळहळ वाटते. मिशिगन स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेव्हणे, चालक जिम डाउनिंग, यांनी एका मित्राच्या मृत्यूनंतर १९८०च्या दशकात 'हॅन्स' तयार केलं होतं. खांद्यांवर बसणारं एक जू. ते पट्ट्यांखाली दाबलेलं असतं आणि त्याचे दोन बंद हेल्मेटला जोडलेले असतात. धड थांबलं की डोकंही धडाबरोबर थांबतं. चालकांना ते अडचणीचं वाटायचं, म्हणून बहुतेकजण घालत नसत. ऑक्टोबर २००१मध्ये नॅस्कारने असं साधन सक्तीचं केलं.

भिंतीवरचा उपाय नेब्रास्का विद्यापीठातून आला. डीन सिकिंग आणि त्यांचे सहकारी महामार्गाच्या कडेचे कठडे बनवणारे लोक. त्यांनी काँक्रीटच्या भिंतीपुढे पोलादी चौकोनी नळ्यांची सलग दुसरी भिंत उभी केली आणि दोन्हींच्या मध्ये फोमचे ठोकळे ठेवले. हापूसच्या पेटीत आंब्यांभोवती पेंढा भरतात त्यामागे हाच विचार आहे. फळाला थांबायला थोडी जागा मिळते. पोलाद गुळगुळीत आणि सलग ठेवलं, कारण गाडी अडकून गरकन फिरली तर सगळं मुसळ केरात. मे २००२मध्ये इंडियानापोलिसला ही भिंत पहिल्यांदा लागली. पुढे आसनं अंगाला घट्ट धरणारी झाली, आणि २००७च्या नव्या गाडीत चालकाची जागा दारापासून आत सरकवली.

२०२०च्या डेटोना शर्यतीत शेवटच्या रेषेजवळ रायन न्यूमनची गाडी भिंतीवर आदळून उलटली, आणि हवेत असतानाच दुसरी गाडी थेट त्याच्या बाजूवर धडकली. त्या रात्री मी झोपलो नाही. दोन दिवसांनी तो दोन मुलींचे हात धरून इस्पितळातून चालत बाहेर आला.

अर्नहार्टनंतर नॅस्कारच्या मुख्य मालिकेत ट्रॅकवर एकाही चालकाचा मृत्यू झालेला नाही. पण हिशेब कधी पुरा होत नाही. २०२२मध्ये आणलेल्या नव्या गाडीचा सांगाडा इतका मजबूत निघाला, की मागून आदळल्यावर तो पुरेसा चुरगळेना आणि चालकांना धक्के जास्त बसू लागले. आदळणं दिसायला किरकोळ आणि आत डोकं सुन्न. जुलैत पोकोनो ट्रॅकवर पात्रता फेरीत कर्ट बुशची गाडी मागच्या बाजूने भिंतीवर आपटली आणि त्याच्या मेंदूला मार बसला. पुढच्या हंगामासाठी मागचा सांगाडा मुद्दाम मऊ करण्यात आला. २००४चा विजेता असलेला बुश मात्र त्या दिवसानंतर त्या मालिकेच्या शर्यतीत पुन्हा उतरला नाही.