सहाच्या सहा टिप्स बरोबर आल्या, मग?

"अरे शेअरच्या सहाच्या सहा टिप्स बरोबर आल्या त्याच्या, मी स्वतः पाहिलंय!" हे हल्ली इंदुरात कुठेही ऐकू येतं, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे खाताना, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत सुद्धा. टिप्स विकणाऱ्या कितीतरी इंदुरी कंपन्यांवर सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कारवाई केलीय, तरी नवा व्हॉट्सॲप ग्रुप दिसला की आपण आत. आणि सांगणारा खोटं बोलत नसतो बरं का, टिप्स खरंच बरोबर आलेल्या असतात. गंमत तिथेच आहे.

समजा माझ्याकडे 6400 नंबर आहेत. सोमवारी 3200 जणांना मेसेज टाकला की अमुक शेअर या आठवड्यात वर जाणार, उरलेल्या 3200 ना तोच शेअर खाली जाणार. शुक्रवारी एक गट खूश. दुसऱ्या गटाला मी परत मेसेजच करत नाही, ते विसरून जातात. खूश झालेल्यांचे पुन्हा दोन भाग, एकांना वर, एकांना खाली, असं करत 1600, 800, 400, 200 आणि सहाव्या आठवड्याच्या शेवटी 100 माणसं उरतात ज्यांनी माझी एकही टिप चुकलेली पाहिली नाही. त्यांच्याकडून प्रत्येकी 25,000 फी घेतली की झाले 25 लाख, आणि मला बॅलन्स शीट वाचता येत नसली तरी चालतं!

यात फसवणूक काढून टाकली तरी गणित बदलत नाही. 1024 जणांनी प्रामाणिकपणे नाणं उडवून टिप्स दिल्या तरी दहापैकी दहा बरोबर आलेला सरासरी एक जण निघतोच, आणि यूट्यूबवर मुलाखत त्याचीच होते.

मग खरं कौशल्य ओळखायचं कसं? समजा कुणी खरोखर हुशार आहे, 100 पैकी 55 वेळा बरोबर. नाण्याच्या 400 फेकींत सरासरी 200 छापे पडतात, पण प्रमाण विचलन (सरासरीपासून आकडा साधारण किती इकडे-तिकडे सरकतो ते) 400 च्या वर्गमुळाच्या निम्मं, म्हणजे 10, त्यामुळे 190 ते 210 मध्ये काहीही येणं अगदी नेहमीचं. आपल्या हुशार माणसाचे 220, म्हणजे दोन विचलनं वर. तेव्हा कुठे शंका घ्यावी की याला काहीतरी येतंय. आठवड्याला एक टिप धरली तर 400 टिप्सना साडेसात वर्षांहून जास्त लागतात! वर आणि हजार नाणेबाजांतले वीसेक जण तेवढ्यावर निव्वळ नशिबाने पोचतात.

ज्योतिषांचंही हेच, लागलेलं लक्षात राहतं, चुकलेलं कुणी मोजत नाही. जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर वगैरे मंडळींनी मोजलं होतं. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या मिसळलेल्या 40-40 कुंडल्या 27 ज्योतिषांना दिल्या, कोणती कुणाची ते ओळखायचं, तर सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं परवडलं.

आता यावर घरचे म्हणतात, म्हणूनच सांगतो, सगळं एफडीत ठेव. हे मला पटत नाही. पंचवीस-तीस हजार पगाराच्या मुलाला वाटतं की चाळिशीनंतर नोकरी आपल्या मर्जीने करावी, तर त्यात हाव कसली? महागाई व्याज खाऊन टाकते तेही खरंच. पण झटपटच्या मागे लागलेल्यांचं काय होतं तेही सेबीनेच मोजलंय, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे, करणाऱ्या सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात. इंडेक्स फंडाची (बाजाराच्या निर्देशांकातले सगळे शेअर घेणारा फंड) एसआयपी, म्हणजे दर महिन्याची ठरावीक गुंतवणूक, कंटाळवाणी असते, वर-खालीही होते, पण तिथे कुणाची भाकितं लागली हे बघावंच लागत नाही.

टिप देणाऱ्याचा नोंदणी नंबर सेबीच्या साइटवर तपासता येतो, सल्लागाराचा आयएनए ने आणि रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएच ने सुरू होतो. तो बरोबर निघाला तरी आधीच्या सगळ्या टिप्सची यादी मागा, चुकलेल्यांसकट, आणि पैसे गेलेच असतील तर लाजत न बसता लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा 1930 लावा.