रविवारची कार्टून आणि तेव्हा न मिळालेली खेळणी

वाशी, नेरूळ किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या काही घरांत दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटाचा वापर अलीकडे बदललेला दिसतो. पूर्वी तिथे चिनीमातीचे कप आणि कुणाच्या तरी निवृत्तीच्या समारंभात मिळालेले स्मृतिचिन्ह असे. आता तिथे बोटभर लांबीच्या मोटारी ओळीने लावलेल्या असतात, त्यातल्या बऱ्याचशा पाकीट न फोडता. या छंदातले लोक पाकीटबंद गाडीला ‘कार्डेड’ म्हणतात आणि फोडलेलीला ‘लूज’, आणि दोन्हींच्या किमतीत चांगलाच फरक पडतो. कपाटाचा मालक चाळिशीच्या आसपासचा असतो, आणि किल्ली घरातल्या मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवलेली असते. या प्रकाराला बालिशपणा म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण या पिढीने लहानपणी काय पाहिले आणि पाहूनही तिला काय मिळाले नाही, याचा हिशेब मांडला तर ते कपाट पुष्कळसे उलगडते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ठाण्यात नौपाड्यातल्या घरांच्या छपरांवर अँटेना लागले, त्यांची तोंडे वरळीच्या मनोऱ्याकडे वळवली गेली, आणि वारा सुटला की घरातल्या एकाने वर चढायचे आणि दुसऱ्याने खिडकीतून ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडायचे, हा पुढची वीस वर्षे चाललेला उद्योग सुरू झाला. मुलांसाठी ‘किलबिल’सारखा मराठी कार्यक्रम होता. फिल्म्स डिव्हिजनचा ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ सालचा लघुपट विजया मुळे यांनी दिग्दर्शित केला होता. पुढे तो दूरदर्शनवर इतक्या वेळा लागला की तो मुद्दाम बसून कुणी पाहिला नसेल, पण पाठ सगळ्यांना झाला. रंगीत प्रक्षेपण १९८२ साली आले आणि त्याच दशकात ‘ही-मॅन’, ‘स्पायडरमॅन’ अशा परदेशी मालिका पडद्यावर दिसू लागल्या. वाहिनी जवळपास एकच असल्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता. आज एका वयाच्या दहा अनोळखी माणसांना एकत्र बसवले तर त्यांच्या आठवणी जुळतात त्या आवडी जुळल्या म्हणून नव्हे, तर दुसरे काही लागतच नव्हते म्हणून.

‘ही-मॅन’चा जन्म या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. अमेरिकेत मॅटेल कंपनीने १९८२ साली आधी त्याचे बाहुले बाजारात आणले आणि कार्टून मालिका १९८३ साली त्यामागून आली. म्हणजे खेळणे हा माल होता आणि मालिका ही त्याची अर्ध्या तासाची जाहिरात. आपल्याकडे मात्र जाहिरात आली आणि माल जवळजवळ आलाच नाही. ग्राहकोपयोगी वस्तूंची आयात परवान्यांत अडकलेली होती. नातेवाइकांपैकी कुणी आखाती देशात नोकरीला असेल तरच परदेशी खेळणे घरात येई, आणि तेही शोकेसमध्ये जाई. देशी उत्पादन हळूहळू सुरू झाले. ‘फनस्कूल’ १९८७ साली उभी राहिली, ‘लिओ’ या नावाने मॅटेलच्याच ‘हॉट व्हील्स’ या बोटभर मोटारींच्या भारतीय आवृत्त्या निघाल्या. आज त्याच ‘लिओ’च्या गाड्यांसाठी जाणकार संग्राहक जास्तीचे पैसे मोजतात. पण ठाण्यातल्या एका पगाराच्या घरात ही खेळणी वाढदिवसाला, आणि तीही मागून मागून, मिळायची. एरवी हाताशी असायचे ते ‘व्यापार’चा पट, ‘मेकॅनिक्स’चे नटबोल्ट आणि च्युइंगगमबरोबर येणारी खेळाडूंची कार्डे.

आणि जत्रेतली पत्र्याची फटफट बोट. महाशिवरात्रीला कौपिनेश्वराच्या देवळाकडे गर्दी व्हायची, तिथल्या फेरीवाल्यांकडे ही बोट हमखास असे. तिच्या मागच्या बाजूला दोन बारीक नळ्या असतात. त्यांत आधी पाणी भरायचे, आत तेलात भिजवलेली वात पेटवून सरकवायची आणि बोट पाण्यात सोडायची. आतल्या इवल्याशा टाकीतल्या पाण्याची वाफ होते, ती नळ्यांतले पाणी मागे ढकलते, बोट पुढे सरकते. वाफ थंड झाली की पाणी पुन्हा आत खेचले जाते, आणि या आत-बाहेर होण्यात टाकीचा पातळ पत्रा फट फट वाजत राहतो. स्वयंपाकघरातल्या परातीत ही बोट गोल गोल फिरताना पाहिलेल्या माणसाला ती आज इंटरनेटवर मागवावीशी वाटली, तर त्यात नवल नाही. पत्र्याच्या कडांनी हात कापायचा, तेवढे मात्र कुणाच्या आठवणीत राहत नाही.

नवी मुंबईची गोष्ट ठाण्याहून थोडी वेगळी आहे. हे शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली, आणि मानखुर्द-वाशी रेल्वे मे १९९२ मध्ये सुरू झाल्यावर वसाहती वेगाने भरल्या. इथल्या बहुतेक मुलांचे आजोळ दुसरीकडे होते; सेक्टरमधल्या एका इमारतीत सातारा, रत्नागिरी, केरळ, पंजाब अशा सगळ्या दिशांची बिऱ्हाडे असत. मोकळ्या प्लॉटवर खेळताना भाषा आपोआप हिंदी व्हायची, आणि रविवारी सकाळी टीव्हीवरही तीच असायची. जपानमध्ये १९८९ साली तयार झालेली ‘द जंगल बुक’ ही मालिका दूरदर्शनने १९९३ पासून हिंदीत दाखवली. तिच्या शीर्षकगीताचे शब्द गुलजारांचे आणि संगीत विशाल भारद्वाज यांचे होते, तर शेरखानाला आवाज होता नाना पाटेकरांचा. किपलिंगची इंग्रजी कथा, जपानी चित्रे, हिंदी गाणे, आणि वाघाच्या हिंदीत मुरूड-जंजिऱ्याकडच्या नटाचा ठसका, असा तो मेळ होता.

मराठी माणसाच्या बालपणीच्या आठवणींतली एक उणीव इथेच दिसते. छापील मजकुरात मराठी मूल श्रीमंत होते: ‘चांदोबा’ होता, बालभारतीचे ‘किशोर’ नोव्हेंबर १९७१ पासून निघत होते, इंद्रजाल कॉमिक्समधला फँटम मराठीत ‘वेताळ’ होऊन आला होता, आणि २१ नोव्हेंबर १९९१ पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ रोज सकाळी वर्तमानपत्रातून घरी येत होता. हलत्या चित्रांना मात्र मराठी आवाज क्वचितच मिळाला. म्हणून पुस्तकांची आठवण निघाली की आपण मराठीत बोलतो आणि कार्टूनची निघाली की दुसऱ्याच वाक्याला हिंदीत शिरतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण मला ते खटकते.

केबल आली तशी ही एकसारखी आठवण फुटली. कार्टून नेटवर्क भारतात मे १९९५ मध्ये दिसू लागले, सुरुवातीला इंग्रजीतच. रात्री त्याच वाहिनीवर टीएनटीचे जुने इंग्रजी चित्रपट सुरू होत, आणि तो बदल होण्याचा क्षण म्हणजे मुलांच्या दृष्टीने दिवस संपण्याचा क्षण असे. गच्चीवरून गच्चीवर काळी वायर टाकणारा केबलवाला कोणत्या इमारतीत पोहोचला आणि कोणत्या नाही, यावर शाळेतल्या डब्याच्या सुट्टीतले विषय ठरू लागले. ‘पोगो’ ही मुलांची वाहिनी १ जानेवारी २००४ रोजी आली, त्याच वर्षी हंगामा आणि डिस्नेच्या वाहिन्या आल्या. हैदराबादेत बनलेला ‘छोटा भीम’ २००८ सालचा.

मालाचे दार उघडले ते १ एप्रिल २००१ रोजी, जेव्हा कोणता माल किती आणायचा यावरची, म्हणजे आयातीवरची उरलेली संख्यात्मक बंधने उठली. उरण तालुक्यातले न्हावाशेवा बंदर १९८९ पासून चालू होतेच. आता त्या वाटेने चिनी खेळण्यांचे कंटेनर येऊ लागले. काही वर्षांतच टीव्हीवर भोवऱ्यांच्या झुंजीची ‘बेब्लेड’ मालिका लागली आणि ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात त्याच भोवऱ्याची स्वस्त नक्कल मिळू लागली. जाहिरात आणि माल एकाच वेळी हाती पडलेली ही पहिली पिढी. तिच्या आठवणींचा पोत म्हणूनच वेगळा आहे: तिच्याकडची वस्तू तुटली किंवा हरवली; आधीच्या पिढीला मात्र ती मिळालीच नव्हती. आज चाळिशीतला माणूस जे विकत घेतो ते पुष्कळदा त्याच्या बालपणी त्याच्या घरात कधीच नव्हते. आपले बालपण परत आणतो, असे तो म्हणतो; प्रत्यक्षात तो शेजाऱ्याचे, किंवा टीव्हीवरचे, बालपण घरी आणत असतो.

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझेलमधल्या प्रबंधात घडवला, आणि तो घराच्या ओढीने खंगणाऱ्या माणसांच्या आजाराचे नाव म्हणून. परमुलखात लढणाऱ्या स्विस शिपायांशी तो पुढे कायमचा जोडला गेला. मराठीत आपण त्याला स्मरणरंजन म्हणतो. मूळ शब्दातली वेदना त्यात गळून जाते आणि रमणे तेवढे उरते, आणि बाजाराला तेवढेच पुरते. हॉट व्हील्सने १९९५ पासून ‘ट्रेझर हंट’ नावाच्या मोजक्या गाड्या नेहमीच्या गाड्यांत मिसळून सोडायला सुरुवात केली. ओळख म्हणून त्यांवर ज्वालेचे बारीक चिन्ह असते. मॉलमधल्या दुकानात ऑफिसची बॅग पाठीला लावून एखादा गृहस्थ खेळण्यांच्या हुकांवरून एकेक पाकीट मागेपुढे करताना दिसला, तर तो बहुधा तेच चिन्ह शोधत असतो.

हा छंद अलीकडे महागही झाला. खेळण्यांवरचे आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन सक्तीचे झाले आणि २०२३ मध्ये शुल्क ७० टक्क्यांवर गेले.

टाळेबंदीत दूरदर्शनने ८ एप्रिल २०२० पासून दुपारी १ वाजता ‘द जंगल बुक’ पुन्हा दाखवायला घेतले. नेरूळच्या आमच्या घरात आम्ही दोघे पावणेएकलाच टीव्हीसमोर बसलो, मुलीलाही बसवले. भाग संपला, ती पुढचा लागण्याची वाट पाहत राहिली आणि बातम्या सुरू झाल्यावर उठून राउटरकडे गेली. नेट गेले आहे, असे तिला वाटले होते.