घरी कोरलचा टँक लावताय? आधी पाण्याचं बोलू

दुकानात येणारे बरेच जण पहिल्याच वाक्यात कोरलचे, म्हणजे जिवंत प्रवाळाचे, रेट विचारतात, आणि पहिल्या दिवशी आम्ही कोरल देत नाही म्हटलं की काहींना रागही येतो. कारण साधं आहे, नवीन टँकचं पाणी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, त्याआधी टाकलेला कोरल बहुतेक वेळा मरतो, पैसे तुमचे जातात आणि नाव आमचं खराब होतं. म्हणून हे पत्रक, टँक बुक करायच्या आधी घरच्यांसोबत बसून वाचा.

पाण्यापासून सुरू करू. नळाचं पाणी नको, टँकरचं तर नकोच, आणि जुहू नाहीतर गेटवेला जाऊन कॅन भरून आणायचा विचार असेल तर तोही सोडा, किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाण्यापासून डिझेलपर्यंत काय काय असतं ते आपल्याला माहितीये. आरओ-डीआयचं पाणी घ्यायचं, म्हणजे आरओनंतर आणखी एका फिल्टरने उरलेले क्षारही काढलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य, आणि त्यात रीफ सॉल्ट मिक्स, म्हणजे कोरल टँकसाठीचं तयार मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे २० लिटरच्या कॅनला ७०० ग्रॅम. छोटा पंप लावून रात्रभर फिरू द्या, टँकमध्ये डायरेक्ट मीठ कधीच टाकू नका. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं साधन) ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ, आलं पाहिजे, विशिष्ट घनतेत १.०२६ च्या आसपास. किचनमधलं मीठ चालेल का असं विचारणारे भेटतात, नाही चालत, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी यातलं हवं तेवढं काहीच नसतं.

आणि एक गोष्ट जी सगळ्यात जास्त लोक उलटी करतात, रोज पाणी आटतं तेव्हा फक्त पाणी उडतं, मीठ टँकमध्येच राहतं. तीन फुटी टँकमधून उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन लिटर सहज उडतं, ते भरायचं मीठ न घातलेल्या आरओ-डीआय पाण्याने. खारं पाणी भरत राहिलात तर पंधरा दिवसांत खारटपणा वाढून कुठल्या कुठे जातो आणि मग फोन येतो की कोरल उघडत नाहीये.

पहिल्या महिन्यात काय होतं तर पाण्यात अमोनिया वाढतो, मग नायट्राइट, दोन्ही विषारी, मग बॅक्टेरिया बसले की दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसायला लागतं. मध्येच सगळा टँक तपकिरी होतो, काचेवर, रॉकवर (कोरल बसवायचे दगड), वाळूवर, तो डायाटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ आहे, येऊ दे, जाईल. यासाठी औषध विकणारे आहेत, आम्ही विकत नाही.

तीन फूट बाय दीड बाय दीडचा टँक म्हणजे सुमारे १८० लिटर, काच-रॉक-कॅबिनेट धरून वजन अडीचशे किलोच्या पुढे जातं, तेव्हा कुठे ठेवायचा ते आधी ठरवा, भरल्यावर सरकत नाही.

आता आपल्याकडचा खरा प्रॉब्लेम, गरमी. कोरलला २५-२६ डिग्री आवडतं, आणि मे महिन्यात बंद फ्लॅटमध्ये टँक ३१-३२ ला जातो. जास्त तापलं की कोरलच्या अंगात राहणारं शेवाळ, जे त्याला बहुतेक जेवण बनवून देतं, ते तो बाहेर फेकतो आणि पांढरा पडतो, समुद्रात ब्लीचिंग होतं ते हेच. पुण्या-नाशिकला कोरड्या हवेत पाण्यावर फॅन लावला तरी दोन-तीन डिग्री उतरतात, मुंबई-ठाण्यात दमटपणामुळे फॅनवर भरवसा नको, चिलरच घ्या आणि विजेच्या बिलाची घरी आधीच कल्पना द्या. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवणारा पंप, ठेवा, दिवे नसले तरी कोरल एक-दोन दिवस काढतो, पाणी हललं नाही तर मासे आधी जातात.

कायद्याचं इथेच सांगतो, काउंटरवर वाद नको. २००१ पासून सगळे दगडी (कडक सांगाड्याचे) कोरल, ब्लॅक कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि सी फॅन वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहेत, वाघ ज्या यादीत आहे तीच. कोस्टल रोडच्या कामात हाजी अली आणि वरळीचे कोरल परवानगी काढून दुसरीकडे हलवावे लागले ते यामुळेच. म्हणून अंदमान-लक्षद्वीपहून, मालवणहून येताना किनाऱ्यावरचा पांढरा तुकडा बॅगेत टाकू नका, मेलेला असला तरी गुन्हाच. बाहेरच्या देशातून आलेल्या दगडी कोरललाही साइटिसचे, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, कागद लागतात. ग्रुपवर कोणी अ‍ॅक्रोपोरा किंवा टॉर्च (दोन्ही दगडीच) बिनकागदाचा स्वस्तात देतोय म्हणाला तर आमच्याकडे त्याची चौकशी करायला येऊ नका. आमच्याकडे रॉकसुद्धा समुद्रातले नाहीत, सिरॅमिकचेच मिळतात.

मग उरतं काय, तर सॉफ्ट कोरल, म्हणजे दगडी सांगाडा नसलेले, आणि नवशिक्याला तेच बरे. मशरूम, लेदर, केनिया ट्री, झोअँथिड. यांना प्रखर लाईट नको, कॅल्शियम घालत राहणारा डोसिंग पंप नको, आठवड्याला दहा टक्के पाणी बदललंत म्हणजे एक २० लिटरचा कॅन, की भागतं. लेदर अधूनमधून आठवडाभर मिटून बसतो आणि अंगावर मेणासारखी चकचकीत साल येते, मेला समजून काढून टाकू नका, तो साल सोडतोय, तिथे पाण्याचा झोत थोडा वाढवा. जोडीला हॅचरीतले क्लाऊन फिश घ्या, त्यांच्यासाठी अ‍ॅनिमोन (ते ज्यात राहतात तो फुलासारखा समुद्रजीव) लागतोच असं नाही, उलट तो चालत जाऊन पंपात अडकतो. माशाला ठिपके आले तर तांब्याचं औषध मुख्य टँकमध्ये अजिबात नाही, कोरल, शंख, कोळंबी सगळं जाईल.

कोरल वाढवून तुकडे करायचे असतील तर लेदरपासून सुरुवात करा. वेगळ्या भांड्यात टँकचंच पाणी घेऊन नवीन ब्लेडने कापा, बुळबुळीत अंगाला ग्लू धरत नाही, त्यामुळे छोट्या दगडावर ठेवून जाळीने सैल बांधा, एक-दोन आठवड्यांत तो स्वतः चिकटतो. कापल्यावर सुटणारा चीक शोषायला टँकमध्ये कार्बन (फिल्टरचा कोळसा) ठेवा. झोअँथिडला मात्र हातमोजे आणि चष्म्याशिवाय हात लावायचा नाही, काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे भयंकर विष असतं, झोअँथिड चिकटलेला दगड उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, ब्रशने घासू नका, परदेशात त्या वाफेने घरातली सगळी माणसं हॉस्पिटलला गेल्याच्या केसेस आहेत.

पाणी आम्ही फुकट तपासतो. बाटली साबणाने धुतलेली नको, टँकच्याच पाण्याने दोनदा खळबळून काठोकाठ भरा, आणि त्याच दिवशी आणा. पाणी किती दिवसांपूर्वी बदललं ते चिठ्ठीवर लिहून आणलंत तर उत्तम, मंगळवारी बंद असतो.