जर-तरच्या इतिहासातील सैन्यरचना

इतिहासाला एखाद्या ठिकाणी वेगळा फाटा फुटला असता तर पुढे जे राज्य टिकले किंवा नव्याने उभे राहिले असते, त्याचे सैन्य कसे असते याची तपशीलवार मांडणी. कथा-कादंबरीकार, युद्धाचे खेळ रचणारे आणि काही वेळा इतिहासाचे अभ्यासकही अशी मांडणी करतात. फाटा कोणत्या दिवशी फुटला, भरती कोणाची, पगार कोण देतो, दाणागोटा कुठून येतो, बंदुका कोण ओततो, हुकूम कोणत्या भाषेत सुटतात, ही तिची अंगे. गणवेश, निशाणे आणि हुद्द्यांची नावे शेवटी येतात. बहुतेक जण सुरुवात मात्र त्यांच्यापासूनच करतात आणि तिथेच अडकतात. काल्पनिक सैन्य खरे वाटते ते त्याचा जमाखर्च जुळतो तेव्हा.

ही कल्पना जुनी आहे. रोमन इतिहासकार लिव्हीने आपल्या इतिहासाच्या नवव्या खंडात मध्येच थांबून विचारले आहे, की अलेक्झांडर इटलीवर चालून आला असता तर काय झाले असते? त्याने उत्तर काढले ते मोजदादीने. अलेक्झांडरजवळ फार तर ३० हजार पायदळ आणि ४ हजार घोडदळ असते. रोमच्या शिरगणतीत मात्र अडीच लाख नागरिक भरत आणि एक सेनापती पडला तर दुसरा तयार असे. लिव्ही रोमचा अभिमानी होता, त्यामुळे निकाल ठरलेलाच होता. पण माणसे किती, बदली सेनापती कुठून येणार, ही त्याची विचारण्याची रीत आजही उपयोगी पडते.

मराठी वाचकाला हा प्रकार ओळखीचा झाला तो जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेमुळे. तीत विश्वासरावांना लागलेली गोळी दुसऱ्या जगात त्यांना नुसती चाटून जाते आणि पानिपत मराठे जिंकतात. कथेला सैन्याचा आराखडा लागत नाही, तिचा विषय वेगळा आहे. पण ज्याला तो आराखडा करायचा आहे त्याच्यासाठी १४ जानेवारी १७६१ सारखे दुसरे उदाहरण नाही. कागदपत्रे भरपूर आहेत, आणि त्या दिवशी मराठ्यांच्या छावणीत दोन वेगवेगळी सैन्ये एकत्र नांदत होती.

फाटा नेमका कुठे

पहिले सैन्य शिंदे-होळकरांच्या घोडदळाचे. गनिमी कावा, लांब पल्ल्याच्या दौडी, शत्रूची रसद मारणे ही त्याची ताकद. दुसरे इब्राहिमखान गारद्याचे : फ्रेंचांच्या पद्धतीने कवायत शिकलेले, रोख पगारावर चाकरी करणारे, तोफांच्या आडोशाने लढणारे. सदाशिवरावभाऊंनी गोलाची लढाई पत्करली ती याच गारद्यांच्या भरवशावर. तोफखान्याभोवती सैन्य बांधून पुढे सरकायचे, घोडदळाने गोल मोडायचा नाही, हे होळकरांसारख्या जुन्या सरदारांच्या अंगवळणी पडलेले नव्हते. लढाईच्या दिवशी गारदी शेवटपर्यंत झुंजले, गोल मात्र फुटला.

म्हणून ‘गोळी चुकली’ एवढाच फाटा सैन्यरचनेला पुरत नाही. विश्वासराव वाचले तरी छावणी उपाशीच असते. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतले, तिथला धान्यसाठा हाती लागला. त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्ली आणि मराठे यांच्या मध्ये आला. डिसेंबरात रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. फाटा इथे ठेवला, म्हणजे गोविंदपंत वाचले किंवा यमुनेचे उतार वेळीच अडवले गेले असे धरले, तर पुढचे सगळे आपोआप सुसंगत होते. असा अनुभव आहे, की फाटा जितका लहान आणि रसदीच्या जितका जवळ, तितके त्यातून निघणारे सैन्य पटते.

आरमाराच्या बाबतीत तर १७६१ हे सालच उशिराचे ठरते. कान्होजी आंग्र्यांचे आरमार पश्चिम किनाऱ्यावर इंग्रज, पोर्तुगीज, डच सर्वांना जड गेले होते. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांची गलबते आणि गुराबा (तोफा बसवलेली मोठी लढाऊ जहाजे) जळाल्या, आणि इंग्रजांच्या या मोहिमेला साथ होती खुद्द पेशव्यांची. ज्याला काल्पनिक मराठी राज्याला बलाढ्य आरमार द्यायचे आहे त्याने फाटा पानिपताच्या आधी पाच वर्षे न्यायला हवा. पुढे आनंदराव धुळपांनी विजयदुर्गावरूनच पेशव्यांचे आरमार चालवले आणि १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडले, म्हणजे कसब पूर्ण बुडाले नव्हते. गिर्ये गावाजवळ खडक खोदून केलेली गोदी आजही पाहता येते. भरतीच्या पाण्याने आत घेतलेले जहाज ओहोटीला तिथे कोरडे पडत असे आणि सुतार त्याच्या तळाला हात घालत. लाकूड होते, सुतार होते. मुंबईत वाडियांनी मलबारी सागवानातून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे १८१७ चे जहाज इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग म्हटले आहे, आणि त्याच प्रकरणात बजावले आहे, की रयतेने लेकरासारखी वाढवलेली आंब्या-फणसाची झाडे तिच्या संमतीवाचून तोडू नयेत. काल्पनिक आरमाराचा कायदा लिहायचा असेल तर त्याचे पहिले कलम इथे तयार आहे.

दाणागोट्याचे गणित

एक उदाहरण पुरते सोडवून पाहू. काल्पनिक राज्याने उत्तरेत ४० हजार घोडी ठेवली. घोड्याला रोज ३ किलो हरभरा धरला, तर एका दिवसाला १ लाख २० हजार किलो, म्हणजे १,२०० क्विंटल. बैलाच्या पाठीवर साधारण एक क्विंटल ओझे जाते. म्हणजे रोज १,२०० बैलांनी छावणीत येऊन ओझे उतरवायला हवे. कोठार दहा मजलांवर असेल तर दहा दिवस येण्याचे, दहा जाण्याचे, म्हणून कोणत्याही दिवशी वाटेवर २४ हजार बैल असणार. यात माणसांचे पीठ नाही, वैरण नाही, दारूगोळा नाही. हे काम त्या काळी बंजाऱ्यांचे तांडे करत, आणि तांडा ज्याचा पैसा रोख त्याच्याकडे वळे.

हे गणित मांडले की काल्पनिक सैन्याचा आकार झपाट्याने खाली येतो. मग घोडदळ कमी करून पायदळ वाढवण्याचा मोह होतो, आणि पायदळाबरोबर बारुदीचा प्रश्न येतो. बारुदीत तीन चतुर्थांश सोरा (पोटॅशियम नायट्रेट हा क्षार) लागतो. हिंदुस्थानातला उत्तम सोरा बिहारचा, आणि बिहारवर प्लासीनंतर इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची पकड बसली. म्हणजे पुण्याच्या राज्याला सोऱ्यासाठी एक तर बिहारपर्यंत हात पोचवावा लागेल, नाहीतर गावोगावच्या लोणा मातीतून तो काढवून घ्यावा लागेल. दोन्ही शक्य आहे. पण जे निवडले त्यावरून राज्याचे परराष्ट्र धोरण ठरते, आणि कथेला इथूनच विषय मिळू लागतात.

सैन्याचा एकूण आकार ठरवताना १७४० च्या प्रशियाचा दाखला घेतात. लोकवस्ती २२ लाखांच्या आसपास, सैन्य ८० हजार. हे अपवादात्मक प्रमाण होते आणि ते पेलताना राज्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा सैन्यावरच जात असे. काल्पनिक राज्याला याहून मोठे प्रमाण देणाऱ्याने पैसा कुठून आला हे सांगायलाच हवे.

पगार आणि सरंजाम

खरी गाठ इथे आहे. शिवाजी महाराजांचा कल जहागिरी न देता रोख वेतन देण्याकडे होता. नंतरच्या धामधुमीत सरंजामाची पद्धत रुळली : मुलूख तोडून द्यायचा आणि सरदाराने त्यावर फौज बाळगायची. अशी फौज आधी सरदाराची असते, मग राज्याची. म्हणून ‘राष्ट्रीय सैन्य’ हा शब्द अठराव्या शतकाला लावताना जपून लावावा.

प्रत्यक्ष इतिहासात यावर एक उत्तर निघाले होते. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉयन या सॅव्हॉयच्या अधिकाऱ्याकडून कवायती पलटणी उभारल्या. त्यांच्या खर्चासाठी अलीगढकडचे परगणे वेगळे तोडून दिले, पगार वेळेवर दिला, जखमींना भरपाई आणि अपंग झालेल्यांना निवृत्तिवेतन ठरवले. आग्र्यात तोफा ओतल्या जाऊ लागल्या. राजपुतान्यातल्या पाटण आणि मेडता या १७९० च्या लढाया या कंपूंनी, म्हणजे कवायती फौजांनी, जिंकल्या. महादजी १७९४ मध्ये गेले, पाठोपाठ द बॉयन परतला. १८०३ मध्ये कंपनीने शिंद्यांच्या चाकरीतील युरोपीय अधिकाऱ्यांना जाहीरनाम्याने फोडले आणि ऐन युद्धाच्या तोंडावर पलटणींचे अधिकारी निघून गेले. तरीही असईच्या लढाईत २३ सप्टेंबरच्या एका दिवसात इंग्रज सेनापती वेलस्लीची दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा घायाळ झाली. लासवारीच्या लढाईत शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. शिपाई उत्तम, तोफा उत्तम, वरचा अधिकारी परका. हे वाचताना दर वेळी मन हळहळते, आणि जर-तरच्या सैन्याची सगळ्यांत मोठी दुरुस्तीही इथेच दिसते. पुण्यात किंवा उज्जैनला १७८० च्या सुमारास एक शाळा, जिथे पंधरा-सोळा वर्षांची मुले भूमिती, तोफांचे मोजमाप आणि नकाशे शिकतात. गणवेशाच्या दहा चित्रांपेक्षा ही एक शाळा आराखड्याला जास्त बळ देते.

अशी दुरुस्ती अशक्य नव्हती, हे जपानने दाखवले. तिथे १८७३ मध्ये सक्तीची सैन्यभरती आली आणि त्याच वर्षी जमिनीच्या किमतीवर ३ टक्के रोख सारा बसला. सैन्य आणि सारा जोडीने आले. १८७६ मध्ये सामुराईंचे तनखे कर्जरोख्यांत बदलले, तलवार बाळगायला बंदी झाली. पुढच्याच वर्षी सात्सुमात बंड झाले आणि शेतकऱ्यांच्या पोरांच्या पलटणींनी ते मोडले. सरंजामदारांचे काय करायचे या प्रश्नाला काल्पनिक मराठी राज्यातही असेच एखादे वर्ष यावे लागेल. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले सुखासुखी सरंजाम सोडतील असे लिहिणे वाचकाला पटणार नाही. उलट बाजूचे उदाहरण लाहोरचे. रणजितसिंहांनी १८२२ पासून ॲलार्ड आणि व्हेंचुरा यांच्या हाताखाली उत्कृष्ट कवायती फौज घडवली. १८३९ मध्ये ते वारल्यावर तिला लगाम घालणारे कोणी उरले नाही, शिपायांच्या पंचायती पगारवाढीसाठी दरबारावर दडपण आणू लागल्या, आणि १८४९ मध्ये राज्यच गेले. सैन्याला आवरणारी नागरी सत्ता कोणती, हा रकाना आराखड्यात रिकामा ठेवता येत नाही.

नावे आणि भाषा

शब्दांमध्ये राज्याची वंशावळ दिसते. गारदी हा शब्द फ्रेंच ‘गार्द’वरून आला, पलटण, कंपू, कप्तान हे युरोपीय भाषांतून, कवायत, फौज, हवालदार फारसी-अरबीतून. नाईक आणि हवालदार हे हुद्दे आजच्या भारतीय सैन्यातही आहेत. काल्पनिक मराठी सैन्यात इंग्रजी हुद्दे जसेच्या तसे उतरवणे ही वारंवार दिसणारी चूक. सगळे शब्द संस्कृतात घडवणे ही दुसरी. शिपायाच्या तोंडी बसेल असाच शब्द टिकतो. शिवाय कंपूंमध्ये अवध, रोहिलखंड, राजपुताना इथली माणसे भरपूर होती, त्यामुळे कवायतीचे हुकूम निव्वळ मराठीत सुटले असते असे धरता येत नाही.

आराखड्याचा सर्वांत लहान घटक मात्र हाताशी तयार आहे. शिवाजी महाराजांवरच्या सभासदाच्या बखरीत पागेची, म्हणजे सरकारी घोडदळाची, मांडणी दिली आहे : पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद, एक पखालजी (पाणक्या). हीच तुकडी काल्पनिक राज्यातल्या १८६० सालात नेऊन पाहावी. घोडी आगगाडीतून आली तरी नाल झिजतातच, नालबंद राहतो. माळव्यातल्या उन्हात पाणी लागतेच, पखालजीही राहतो. त्यांच्या शेजारी आता तिसरा माणूस उभा करावा लागतो : खांद्यावर तारेचे भेंडोळे, काखेत पेटी, आणि पगारपत्रकावर त्याच्या नावापुढे कोणता हुद्दा लिहायचा हे हवालदाराला अजून ठरवायचे आहे.