'व्हाइट चिक्स'च्या गोऱ्या मुखवट्यामागे

२००४ साली आलेल्या 'व्हाइट चिक्स'मध्ये एफबीआयचे दोन कृष्णवर्णीय अधिकारी गर्भश्रीमंत गोऱ्या बहिणींचं सोंग घेऊन न्यूयॉर्कजवळच्या हॅम्प्टन्समध्ये, धनिकांच्या गोतावळ्यात शिरतात. शॉन आणि मार्लन वेयन्स हे त्यातले नट, तर दिग्दर्शक त्यांचे थोरले बंधू कीनन आयव्हरी वेयन्स. समीक्षकांनी चित्रपट झोडपला, तरी त्याने जगभरात ११ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. निव्वळ पाचकळपणा म्हणून त्याला बाजूला सारणं मला पटत नाही, कारण त्या मुखवट्यामागे मोठा इतिहास आहे.

१८३०च्या सुमारास थॉमस राइस हा गोरा नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून 'जिम क्रो' नावाचं पात्र नाचवू लागला. काळा माणूस म्हणजे आळशी, बावळट, हसण्याजोगा, हे चित्र अशा 'मिन्स्ट्रेल' खेळांनी घरोघरी पोचवलं. पुढे वर्णभेदी कायद्यांनाही जिम क्रोचंच नाव चिकटलं. सगळ्यात क्लेशदायक गोष्ट अशी की, बर्ट विल्यम्ससारख्या अस्सल प्रतिभेच्या कृष्णवर्णीय नटालाही रंगमंचावर तीच काजळी फासावी लागली.

उलटा मुखवटाही तितकाच धीट होता. १८९८च्या एका संगीत नाटकात बॉब कोल हा कृष्णवर्णीय नट चेहरा पांढरा करून भटक्याच्या भूमिकेत उतरला. १९८४मध्ये कृष्णवर्णीय विनोदवीर एडी मर्फीने दूरचित्रवाणीवरच्या एका प्रहसनात गोऱ्याचं सोंग घेतलं. दुकानदार त्याच्याकडून वर्तमानपत्राचे पैसे घेत नाही. बसमधला शेवटचा काळा प्रवासी उतरला रे उतरला की आत पार्टी सुरू होते!

वेयन्स बंधूंनी हाच धागा पुढे नेला. गाडीत रॅप लागतं आणि सोंगातले दोघं गाण्यातला कृष्णवर्णीयांसाठीचा अपशब्द बिनधास्त म्हणतात. गोऱ्या मैत्रिणी हादरतात. ऐकायला आहे कोण, असं म्हटल्यावर मात्र त्याही सुरात सूर मिसळतात. एकांतातली सभ्यता किती पातळ असते, हे अर्ध्या मिनिटात उघडं पडतं.

स्त्रीवेषाची बाजू मात्र मला शिळी वाटते. साडी असो की स्कर्ट, बाईच्या कपड्यातला पुरुष दिसला की हसायचं, हा हुकमी मार्ग हॉलिवूडने कधीच सोडला नाही. त्यातही कृष्णवर्णीय विनोदवीरांनाच वारंवार स्त्रीवेष का चढवला जातो, हा वाद त्यांच्या समाजात आजही धगधगता आहे. कृष्णवर्णीय विनोदवीर डेव्ह शपेलने २००६मध्ये ऑप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात अशाच आग्रहाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

'व्हाइट चिक्स'मध्ये टेरी क्रूजने साकारलेला लॅट्रेल वर्ण आणि स्त्रीवेष या दोन्ही प्रश्नांच्या मधोमध उभा आहे. हा कृष्णवर्णीय खेळाडू सोंगातल्या एका गोऱ्या मुलीच्या प्रेमात आकंठ बुडतो. शेवटी सोंग उतरतं, तेव्हा ती बाई नाही याहून ती गोरी नाही याचाच धक्का त्याला जास्त बसतो.