ओरेगॉनमधली काउंटी आयडाहो राज्यात जाऊ शकते का? पात्रता, कागदपत्रं आणि टप्पे

अमेरिकेच्या वायव्येकडच्या ओरेगॉन राज्यात, पूर्व भागातल्या १३ काउंटींनी २०२० ते २०२४ या काळात मतदान करून शेजारच्या आयडाहो राज्यात जाण्याच्या बाजूने कौल दिला. या चळवळीला ‘ग्रेटर आयडाहो’ म्हणतात. बातमी वाचून अनेकांचा समज होतो की सीमा आता हलणारच, फक्त कागदपत्रं व्हायची बाकी आहेत. तसं नाही. पहिला टप्पा बऱ्याच ठिकाणी पार पडला आहे, पुढचे तिन्ही दरवाजे अजून बंद आहेत. ही प्रक्रिया नीट समजून घ्यावी असं मला फार वाटतं, कारण सीमाप्रश्न आपल्याही घरचा आहे.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. तिचा कारभार निवडून आलेले कमिशनर पाहतात.

मागणी कशातून आली

ओरेगॉनची राजधानी सेलम आणि सगळ्यात मोठं शहर पोर्टलंड, दोन्ही पश्चिमेला विलामेट खोऱ्यात. बहुतेक मतदार तिथलेच, त्यामुळे विधिमंडळातलं बहुमतही तिथलंच. पूर्वेकडे गुरांची कुरणं, गहू, जंगल आणि विरळ वस्ती. चळवळीने मागितलेला भाग राज्याच्या जमिनीच्या निम्म्याहून मोठा आहे, पण तिथे राहणारे लोक राज्याच्या एक दशांशही नाहीत. बंदुकांचे नियम, लाकूडतोड, पाणी, कर या सगळ्यांत आपलं मत मोजलं जात नाही, अशी तिथल्या लोकांची तक्रार आहे. मॅल्हूर काउंटीतल्या ऑन्टारियो शहरातून आयडाहोची राजधानी बॉइझी गाडीने तासाभरावर, सेलम मात्र राज्याच्या दुसऱ्या टोकाला. या काउंटीच्या बहुतांश भागाचं घड्याळसुद्धा आयडाहोप्रमाणे चालतं, उरलेल्या ओरेगॉनप्रमाणे नाही.

अर्ज नेमका कशाचा

‘आमचं राज्य बदला’ असा कुठला छापील अर्ज नाही. राज्याची सीमा हलवणं काउंटीच्या अधिकारात येतच नाही, त्यामुळे त्यावर काउंटीपुरतं मतदान घेऊन ती हलवताही येत नाही. चळवळीने म्हणून वेगळा रस्ता धरला. बहुतेक काउंटींमध्ये मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव असा होता: सीमा बदलण्यात काउंटीचं हित आहे का, यावर कमिशनरांनी वर्षातून ठरावीक वेळा जाहीर बैठक घ्यावी. प्रस्ताव मंजूर झाला की कमिशनरांना बैठक घ्यावी लागते. त्यापलीकडे काहीही आपोआप घडत नाही. क्रुक काउंटीत २०२४ साली कमिशनरांनीच प्रश्न मतदारांपुढे ठेवला, तोही केवळ सल्ला म्हणून.

पात्रता: सही कोण करू शकतं

सही करणारा अमेरिकेचा नागरिक हवा, आणि त्याच काउंटीच्या मतदार यादीत त्याचं नाव चालू असायला हवं. शेजारच्या काउंटीतल्या मतदाराची सही बाद होते. ग्रीन कार्ड किंवा नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना सही करता येत नाही आणि मतही देता येत नाही. ओरेगॉनमधल्या मराठी कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावं. दुकानाबाहेर कुणी फळी घेऊन उभा असतो, आग्रहाने सही मागतो आणि भिडेखातर पेन हातात घेतलं जातं. नागरिकत्व नसताना मतदार म्हणून कुठेही सही झाली, तर पुढे इमिग्रेशनमध्ये तो गंभीर प्रश्न होऊ शकतो. नम्रपणे नकार द्यावा. आपली माणसं बहुतेक पश्चिमेला, हिल्सबरो-बीव्हर्टनकडे आहेत. तो भाग या मागणीत नाही, पण प्रचाराची माणसं कुठेही भेटू शकतात.

कागदपत्रं

सुरुवात प्राथमिक याचिकेने होते. काउंटी क्लर्कच्या कार्यालयात ठरलेला फॉर्म भरून द्यायचा आणि त्याला प्रस्तावाचा संपूर्ण मजकूर जोडायचा. फॉर्मवर मुख्य याचिकाकर्त्यांची नावं लागतात, जास्तीत जास्त तिघांची. सह्या गोळा करणाऱ्यांना मोबदला देणार की नाही, हेही तिथेच सांगावं लागतं.

त्यानंतर क्लर्क पाच कामकाजाच्या दिवसांत तपासतो की प्रस्ताव राज्यघटनेच्या अटींत बसतो का: विषय एकच आहे का आणि तो काउंटीच्या अधिकारातला आहे का. या चाळणीतून गेल्यावर डिस्ट्रिक्ट अटर्नी, म्हणजे काउंटीचा सरकारी वकील, मतपत्रिकेवरचा मजकूर लिहितो. शीर्षक १० शब्दांच्या आत, प्रश्न २० शब्दांच्या आत, सारांश १७५ शब्दांच्या आत. मला सगळ्या प्रक्रियेतली ही पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्यांना बदल हवा आहे, त्यांच्या हातात प्रश्नाची भाषा राहत नाही. लिहिलेला मजकूर एकतर्फी वाटला तर कुणीही मतदार ठरलेल्या मुदतीत न्यायालयात जाऊन आक्षेप घेऊ शकतो.

मग सह्यांचे कागद. ओरेगॉनमध्ये काउंटीच्या प्रस्तावासाठी, गव्हर्नरच्या निवडणुकीत त्या काउंटीत पडलेल्या एकूण मतांच्या ६ टक्के इतक्या वैध सह्या लागतात. समजा एखाद्या छोट्या काउंटीत ४,००० मतं पडली होती, तर २४० सह्या पुरतात. पूर्वेकडच्या विरळ वस्तीत म्हणूनच हे काम मूठभर कार्यकर्ते पार पाडू शकले. प्रत्येक कागदाखाली सह्या घेणाऱ्याने स्वतः लिहून द्यावं लागतं की या सह्या माझ्यासमोर झाल्या. दर सहीमागे पैसे देण्यावर २००२ पासून राज्यात बंदी आहे. तासाच्या हिशेबाने मजुरी देता येते. क्लर्क यादीशी सह्या ताडून पाहतो. खाडाखोड, दुहेरी सह्या, बदललेले पत्ते यांत बऱ्याच गळतात, तेव्हा गरजेपेक्षा बऱ्याच जास्त सह्या जमवलेल्या बऱ्या.

मतदान टपालाने होतं. मतपत्रिका घरी येते, घरीच भरली जाते.

कौल काय लागला

नोव्हेंबर २०२० मध्ये युनियन आणि जेफरसन काउंटींनी होकार दिला. मे २०२१ मध्ये बेकर, ग्रँट, लेक, मॅल्हूर आणि शर्मन, त्याच वर्षी नोव्हेंबरात हार्नी. २०२२ मध्ये क्लॅमथ, मॉरो आणि व्हीलर. मे २०२३ मध्ये वॉलोवा आणि मे २०२४ मध्ये क्रुक. डग्लस आणि जोसेफिन काउंटींनी मे २०२२ मध्ये नकार दिला. वॉलोवाने २०२० मध्ये ‘नाही’ म्हटलं होतं, तिथे २०२३ मध्ये ‘हो’ आलं ते फक्त ७ मतांनी. ७ मतांच्या फरकाने बैठक बोलवायला माझी काहीच हरकत नाही. पण त्यावर अख्ख्या काउंटीचं राज्य बदलायचं झालं तर उरलेल्या जवळजवळ अर्ध्या लोकांचं काय, याचं उत्तर चळवळीने दिलं पाहिजे.

पुढचे तीन दरवाजे

अमेरिकेच्या घटनेनुसार कुठल्याही राज्याचा भाग तोडून नवं राज्य करायचं तर संबंधित राज्यांच्या विधिमंडळांची आणि काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, संमती लागते. असलेल्या दोन राज्यांमधली सीमा हलवायची तर दोघांनी आपसात करार करायचा आणि त्याला काँग्रेसची मंजुरी घ्यायची. ओरेगॉनच्या स्वतःच्या घटनेतही सीमेचं वर्णन आहे, आणि काँग्रेसने मान्य केलेल्या आंतरराज्य कराराने ती बदलू शकते असं तिथेच म्हटलं आहे. तेव्हा दरवाजे तीन: सेलम, बॉइझी, वॉशिंग्टन.

आयडाहोच्या प्रतिनिधिगृहाने फेब्रुवारी २०२३ मध्ये चर्चेची तयारी दाखवणारा ठराव संमत केला. तो बंधनकारक नाही. ओरेगॉनच्या विधिमंडळाने तसं पाऊल उचललेलं नाही, आणि ते उचललं जाईपर्यंत उरलेल्या दोन दरवाजांना अर्थ नाही.

इलिनॉय राज्यातही हेच दिसतं. तिथल्या ३३ काउंटींनी २०२० पासून वेगळं होण्याच्या बाजूने सल्लावजा कौल दिला. शेजारच्या इंडियानाने २०२५ मध्ये सीमा-आयोग नेमण्याचा कायदाही केला. इलिनॉयने प्रतिसाद दिला नाही आणि गाडी तिथेच अडली.

पूर्वी असं झालं आहे का

झालं आहे, पण यादवी युद्धाच्या धामधुमीत. बर्कली आणि जेफरसन (ही जेफरसन व्हर्जिनियातली) या दोन काउंटींनी १८६३ मध्ये मतदान केलं आणि त्या नव्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात गेल्या. युद्ध संपल्यावर व्हर्जिनियाने संमती मागे घेतली. काँग्रेसने मात्र मार्च १८६६ मध्ये हस्तांतरणाला मान्यता दिली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८७१ मध्ये निकाल वेस्ट व्हर्जिनियाच्या बाजूने लागला.

१ जानेवारी २०१७ रोजी उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनामधली १९ घरं राज्य बदलून बसली. तिथे नवी सीमा आखली नव्हती, जुनीच रेषा पुन्हा मोजून निश्चित केली होती. तेवढ्या घरांसाठीसुद्धा दोन्ही राज्यांना वेगळे कायदे करावे लागले.

राज्य बदललं तर हातात काय येईल

यावर प्रचारात फार थोडं बोललं जातं, म्हणून सविस्तर लिहितो. ओरेगॉनमध्ये विक्रीकर नाही, आयडाहोत ६ टक्के आहे. किमान वेतन ओरेगॉनमध्ये बरंच जास्त, आयडाहोत संघराज्याने ठरवलेलं ७.२५ डॉलर. शेतमजुराला आणि हॉटेलात काम करणाऱ्याला हा फरक पहिल्याच पगारात दिसेल. गांजाची विक्री ओरेगॉनमध्ये कायदेशीर आहे, आयडाहोत गुन्हा. ऑन्टारियोतल्या दुकानांचा धंदा सीमेपलीकडून येणाऱ्या गिऱ्हाइकावरच उभा आहे. गर्भपाताचे कायदे दोन राज्यांत जवळजवळ विरुद्ध टोकांना आहेत. शिवाय राज्य कर्मचाऱ्यांचं निवृत्तिवेतन कोण देणार, ला ग्रँडमधलं ईस्टर्न ओरेगॉन विद्यापीठ आणि ऑन्टारियोजवळचा मोठा तुरुंग कोणाच्या ताब्यात जाणार, पाण्याचे हक्क आणि राज्याचं कर्ज कसं वाटायचं, हे सगळं करारात कलमवार लिहावं लागेल. एखाद्या कुटुंबाला फक्त आयडाहोचे कायदे हवे असतील तर घर बदलणं हाच आजचा चालू मार्ग आहे.

आणि आपल्याकडे

भारतात रस्ता उलटा आहे. घटनेच्या कलम ३ खाली संसद साध्या बहुमताने राज्याची सीमा बदलू शकते. विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच मांडता येतं आणि ते संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मत कळवण्यासाठी पाठवावं लागतं. ते मत बंधनकारक नाही. मुंबई राज्याच्या पुनर्रचनेवरून झालेल्या बाबुलाल पराते खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये हे स्पष्ट केलं. म्हणजे ओरेगॉन ‘नाही’ म्हणून सगळं थांबवू शकतं, आपल्याकडच्या राज्याला तो अधिकार नाही. सह्या गोळा करून गावाचा किंवा तालुक्याचा प्रश्न मतदानाला लावण्याची सोयही आपल्याकडे नाही. ग्रामसभेचा ठराव किंवा तहसीलदाराला दिलेलं निवेदन ही मागणी आहे, त्यावर कुणीही निर्णय द्यायला बांधील नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. गाव हा घटक, भाषिक बहुमत आणि सलगता हे निकष लावा, असं महाराष्ट्राचं म्हणणं. आंध्र आणि मद्रासच्या सीमेसाठी ह. वि. पाटसकरांनी हेच निकष वापरले होते आणि त्याप्रमाणे १ एप्रिल १९६० पासून सीमा बदललीही. बेळगावसाठी १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ पासून कलम १३१ खालचा (राज्यांमधल्या वादांसाठीच्या कलमाखालचा) महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. जनगणनेचे आकडे, नकाशे, आयोग, दावा हे सगळं झालं. सीमाभागातल्या मतदाराच्या हातात मात्र २० शब्दांचा प्रश्न लिहिलेली मतपत्रिका कधी पडली नाही.

आपल्या देशात तशी मतपत्रिका निघू शकते, हे गोव्याने दाखवलं आहे. संसदेने त्यासाठी खास कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी, महाजन आयोगाचं काम चालू असतानाच, गोव्याच्या मतदारांना विचारलं गेलं: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः विलीनीकरणाचे पुरस्कर्ते होते. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून त्यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळं राहण्यासाठी दोन पानं, अशी चिन्हं होती. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१.