एका हेक्टरात घरं किती? विहिरीला विचारा

‘अहो, इथं तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पाण्याचं काय घेऊन बसलात?’ कोकण किनाऱ्यावर ‘सी-व्ह्यू’ सेकंड होमचा फलक लागला की हे वाक्य ऐकू येतंच. विकास आराखड्याच्या वेळी मजले किती, चटईक्षेत्र किती यावर हिरिरीनं भांडतात, पण गावात एकूण घरं किती मावतील हे कुणी विचारत नाही. माझ्या मते तो आकडा सगळ्यात आधी ठरायला हवा आणि तोही मे महिन्यातल्या विहिरीकडे बघून.

गणित शाळेतलंच आहे. एका हेक्टरवर ३ मीटर पाऊस म्हणजे ३ कोटी लिटर. पण जांभ्यात यातलं साधारण ७ टक्केच मुरतं, असं भूजलाच्या हिशेबात धरतात. बाकीचं पऱ्या-वहाळांतून समुद्राला मिळतं. राहिले २१ लाख लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरलं, तर चौघांच्या घराला वर्षाला जवळपास २ लाख लिटर लागतात. म्हणजे हेक्टरी दहा घरं. त्याच हेक्टरवर चटईक्षेत्र निर्देशांक १ (म्हणजे सगळे मजले मिळून जमिनीएवढंच बांधकाम) धरून ७० चौरस मीटरचे फ्लॅट काढा, १४० निघतात! मधली तूट धरणाच्या नळानं भरायची, नाहीतर टँकरनं.

आणि ही दहाही कागदावरचीच, कारण मुरलेलं सगळं पाणी उपसता येत नाही. खरी गंमत इथं आहे.

गुहागर, केळशीसारख्या ठिकाणी नारळी-पोफळीच्या वाड्या समुद्रालगतच्या रेतीत उभ्या आहेत आणि तिथल्या विहिरींना गोडं पाणी असतं. समुद्र एवढा जवळ, मग ते खारं का होत नाही? गोडं पाणी हलकं असतं. ताकावर लोणी तरंगावं तसं ते रेतीतल्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं. किती खोलवर? गोड्या पाण्याची घनता १, समुद्राच्या पाण्याची १.०२५. समुद्रपातळीखाली ४० मीटरवर खाऱ्या पाण्याचा दाब ४० × १.०२५ = ४१ एवढा असतो. तेवढाच दाब द्यायला गोड्या पाण्याचा स्तंभ ४१ मीटर उंच हवा, म्हणजे समुद्रपातळीच्या फक्त १ मीटर वर! गायबेन या डच अभियंत्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि हर्झबर्ग या जर्मन अभियंत्यानं १९०१ मध्ये हे स्वतंत्रपणे मांडलं.

आता हेच उलटं वाचा. उपशानं भूजलाची पातळी अर्धा मीटर उतरली, तर खालची खारी सीमा कालांतरानं २० मीटर वर सरकते. बोअरखाली तर ती शंकूसारखी उचलली जाते, त्यामुळे पंप जितका जोरात तितका शंकू उंच. वाडीतला जुना रहाट संथपणे वरवरचं पाणी काढायचा, त्याच्यानं एवढा शंकू उठायचा नाही. (काळ्या कातळात पाणी फटींतून वाहतं, तिथं हे गणित इतकं सरळ चालत नाही. सूत्र रेतीचं आहे.) ही सीमा खाली दाबून धरायला थोडं गोडं पाणी सतत समुद्राकडे झिरपत राहावं लागतं. त्यामुळे ‘समुद्रात वाया जाणारं पाणी’ हा शब्दप्रयोग ऐकला की माझं डोकं फिरतं.

तळहातावर नारळ ठेवून पाणी दाखवणारे पाणाडे यावर काही सांगू शकत नाहीत. कोकणातल्या पुळणीत खणलं की पाणी लागतंच. ते किती दिवस गोडं राहील, हे नारळाला कळत नाही.

घरांच्या संख्येला मर्यादा घालणं जगावेगळं नाही. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा शहरानं १९७२ मध्ये वर्षाला साधारण ५०० नवी घरं अशी मर्यादा घातली. बांधकाम व्यावसायिक कोर्टात गेले, खालच्या कोर्टात जिंकलेही, पण १९७५ मध्ये अपील न्यायालयानं ती मर्यादा वैध ठरवली.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. सेकंड होम वर्षातले बरेच महिने बंद असतं म्हणून हिशेबात सूट मागतात. पण ते उघडतं कधी? मे महिन्यात, विहिरीनं तळ गाठलेला असताना. चाकरमानी, पर्यटक आणि तळाला गेलेलं पाणी, सगळे एकाच महिन्यात. वर्षाची सरासरी इथं फसवते. शिवाय त्याच रेतीत प्रत्येक घराचं सांडपाणी मुरवणारा शोषखड्डा असतो, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून परवानग्या टप्प्याटप्प्यानं द्याव्यात. किनाऱ्यापासून आत अशा ओळीनं काही निरीक्षण विहिरी ठेवून दर महिन्याला पातळी आणि क्लोराइड (मिठातला घटक, खारेपणाची खूण) मोजावं, आणि मे महिन्याचा आकडा पाहून पुढचा टप्पा खुला करावा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं आणि पिण्याच्या पाण्याची इष्ट मर्यादा आहे २५०. म्हणजे शंभर बादल्या गोड्या पाण्यात दीड बादली समुद्र मिसळला, तरी ती ओलांडली जाते. एकदा शिरलेलं खारं पाणी उपसा थांबवला म्हणून लगेच मागे हटत नाही, त्याला अनेक पावसाळे लागतात. तोवर फ्लॅटचे ताबे देऊन झालेले असतात.